पँथर आणि कौंटीची कचेरी
(युवक मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. आज बोलायचंय अमेरिकेतल्या एका खेडवळ कौंटीबद्दल. कौंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा, आकारानं लहान. तुम्ही म्हणाल, चाळीत-झोपडपट्टीत राहणाऱ्या आम्हाला अमेरिकेतली शेती कशाला? तर ऐका. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून. आणि ओकलंडवाल्यांनी ते चिन्ह उचललं अलाबामा राज्यातल्या लाउंड्स कौंटीतून. म्हणजे हा पँथर मुळात शहरातला नाहीच. कापसाच्या रानातला आहे.

त्या कौंटीत शंभरातली ऐंशी माणसं काळी. १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यांतला एकही नाही. ज्यांनी नाव नोंदवायची हिंमत केली त्या वाटेकऱ्यांना जमीनमालकांनी घरातून काढलं. बायकापोरांसकट ते तंबूत राहिले. १९६६ च्या निवडणुकीत गोऱ्यांच्या कोंबड्यासमोर त्यांनी काळा पँथर उभा केला. हरले. पण १९७० साली जॉन ह्युलेट हा त्यांचाच माणूस शेरीफ झाला.

हे पुष्कळांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते दुसऱ्याच निवडणुकीचं.

केंद्राच्या शेतीखात्याची कचेरी कौंटीत असायची. तिच्यावर तीन शेतकऱ्यांची निवडलेली कमिटी. कुणी किती एकर कापूस लावायचा, मातीची धूप थांबवायला कुणाला पैसा, हे तीच ठरवणार. इथं वाटेकऱ्यालाही मत होतं, मतदारयादीत नाव नसलं तरी. मतपत्रिका टपालानं यायची. तरी दक्षिणेत कमिट्या गोऱ्यांच्याच. १९६५ साली लाउंड्सच्या काळ्यांनी आपली माणसं उभी केली. मग मतपत्रिकेवर आणखी काळ्यांचीच ढीगभर नावं घुसडली गेली. मतं फुटली, गोरे आले. हा डाव आपल्या वॉर्डात कुणी पाहिला नाही असं सांगू नका!

पुढं मत मिळालं, पण कर्ज मिळालं नाही. पेरणी उलटल्यावर पैसा द्यायचा, अर्ज हरवला म्हणायचं. १९८३ साली शेतीखात्यानं भेदभावाच्या तक्रारी तपासणारं पथकच मोडलं. १९९७ साली काळे शेतकरी कोर्टात गेले, १९९९ साली तडजोड झाली. १५ हजारांवर लोकांना प्रत्येकी ५० हजार डॉलर. ज्यांचे दावे उशिरा पोचले त्यांच्यासाठी २०१० साली आणखी १२५ कोटी डॉलर. जमीन मात्र परत आली नाही. १९२० साली सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते, आज पन्नास हजारही भरत नाहीत.

गोदीत ट्याली क्लार्कच्या कागदावर नाही ते पोतं जहाजातून उतरलंच नाही, मग ते माझ्या पाठीवर का असेना. माझ्या चुलत्याचा विहिरीचा अर्ज असाच "आला नाही". दोनदा.

म्हणून तिथली वाट नीट समजून घ्या. आज कौंटीतल्या सेवा केंद्रात सहसा दोन टेबलं. एक कर्जाचं, नुकसानभरपाईचं आणि जमीन दहा-पंधरा वर्षं पड ठेवण्याच्या भाड्याचं. दुसरं माती-पाण्याच्या कामाचं, म्हणजे कुंपण, बांधबंदिस्ती, पाणी देण्याची सोय. आधी शेताचा नंबर काढायचा, त्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही. मातीच्या कामाचा खर्च सरकार ७५ टक्क्यांपर्यंत देतं, नवख्या आणि गरीब शेतकऱ्याला ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्याला अर्धी रक्कम आगाऊही मिळू शकते. काळ्यांची पुष्कळ जमीन आजोबा-पणजोबांच्या नावावरच अडकलेली, वारसांत न वाटलेली. अशांना २०१८ च्या कायद्यानं दुसरे कागद दाखवून नंबर काढायची सोय झाली. आणि २०१४ च्या कायद्यानं असं झालं, की माणूस काय मागायला आला आणि त्याला काय सांगितलं, याची पावती कचेरीनं द्यायची. मला विचाराल तर सगळ्या भानगडीत कामाचा कागद हाच.

२०२५ च्या जुलैत शेतीखात्यानं वंश आणि लिंग यांवर ठरणारा वंचित शेतकऱ्याचा निकष आपल्या योजनांतून काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. कमिटी अजून आहे. निवडणूकही होते, टपालानंच. नाव देण्याची मुदत बहुतेक वर्षी १ ऑगस्ट, आपल्या अण्णाभाऊंची जयंती असते ना, तीच तारीख.