कारखाना यायच्या आधी कुंपण आलं

(कार्यकर्ता शिबिरातल्या दुसऱ्या दिवसाच्या भाषणाचा मजकूर.)



काल रात्री बैठकीत एक प्रश्न आला. कारखाने आले की देश पुढं जातो, मग आपण जंगल-जमीन धरून बसलो तर आपणच देशाच्या आडवे येतो का? साहेब लोक आपल्याला हेच ऐकवतात. म्हणून जिथं कारखाने सगळ्यात आधी आले, त्या इंग्लंडात काय झालं ते आज सांगतो.

१७५० च्या सुमाराला तिथलं खेडं बरंचसं आपल्यासारखं होतं. माळ-रान कागदावर जमीनदाराचं, पण वहिवाट गावाची. गरिबाची एखादी गाय माळावर चरायची. सरपण रानातलं. कापणी झाली की बायापोरं शेतात सरवा वेचायची. मजुरी थोडी मिळाली तरी चूल पेटायची.

पुढं शहरं वाढली, धान्याला भाव आला. मोठ्या जमीनदारांनी पार्लमेंटकडं अर्ज केले, की माळ मोजून वाटून द्या. पार्लमेंटात बसलेले बहुतेक जमीनदारच! एकेका गावाचा वेगळा कायदा झाला. कमिशनर आले, मोजणी केली, दावे मागितले. ज्याच्याजवळ कागद त्याला तुकडा मिळाला. पण त्या तुकड्याला कुंपण स्वतःच्या खर्चानं घालायचं, वर मोजणीचा आणि वकिलाचा खर्चही भरायचा. लहान शेतकऱ्याला ते झेपेना, त्यानं तुकडा विकला. ज्याच्याजवळ नुसती वहिवाट, त्याला बहुतेक ठिकाणी काहीच मिळालं नाही. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत असे सुमारे ४,००० कायदे झाले.

याच काळात यंत्रं आली. १७७१ साली आर्कराइट नावाच्या माणसानं क्रॉमफर्ड गावी पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी काढली. नंतर वाफेचं इंजिन आलं. घरोघर बाया चरख्यावर सूत कातून चार पैसे मिळवत होत्या, ते बंद पडलं. आता बघा, माळ गेला, गाय गेली, चरखा गेला. राहिले फक्त हात. ते घेऊन माणसं गिरणीच्या दाराशी गेली. मँचेस्टर शहरात १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास लोक होते, १८५१ साली तीन लाखांच्या वर झाले. काम रोज बारा-चौदा तास, लहान पोरांनासुद्धा.

पीक वाढलं, कापड स्वस्त झालं, देश श्रीमंत झाला, हे खरं आहे. यंत्राशी आपलं वैर नाही. पण ज्यांचा माळ गेला त्यांच्या वाट्याला काय आलं ते विचारलं पाहिजे. मजुरांनी संघटना करायची नाही असा कायदा १७९९ साली झाला, तो १८२४ पर्यंत होता. कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या पोरांना लावायचं नाही, हा कायदा यायला १८३३ साल उजाडलं. बायांना आणि कोवळ्या पोरांना दहाच तास काम, हे १८४७ साली मिळालं. लोक वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा हे झालं.

आता जंगलाची गोष्ट. लंडनजवळ एपिंगचं जंगल आहे. तिथल्या लाउटन गावाला हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून सरपण न्यायचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री गाव जमायचं आणि पहिली फांदी तोडायचं. तोडली नाही तर हक्क बुडेल, अशी लोकांची समजूत. १८५६ साली तिथं रेल्वे आली, घरं बांधायला जमिनीला भाव आला. जमीनदारानं जंगलाला कुंपण घातलं. टॉमस विलिंगेल हा लाकूडतोड्या ऐकेना. त्याच्या घरची माणसं फांद्या तोडल्या म्हणून तुरुंगात गेली. त्यानं कोर्टात दावा लावला, पण निकालाआधीच, १८७० साली तो वारला.

पुढं लंडनच्या महापालिकेनं खटला घातला. तिच्या एका जमिनीला या जंगलात गुरं चारायचा हक्क जोडलेला होता. त्या हक्काच्या जोरावर १८७४ साली कोर्टानं कुंपणं बेकायदा ठरवली. १८७८ च्या कायद्यानं जंगल सर्वांना कायमचं मोकळं राहिलं. पण त्याच कायद्यानं गावाचा फांद्या तोडायचा हक्क बंद केला, आणि भरपाईच्या पैशातून गावात एक सभागृह बांधलं. जंगल वाचलं, फिरायला येणाऱ्यांना मिळालं. गावचं सरपण मात्र गेलं.

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्याच साली इंग्रज सरकारनं आपल्याकडं जंगल कायदा केला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला सागाचं, सालाचं लाकूड पाहिजे होतं. जंगल राखीव करायचं तर आधी जाहीरनामा काढायचा, मुदतीत दावे मागायचे. मुदतीत दावा केला नाही की हक्क संपला. ज्यांना अक्षर माहीत नव्हतं ते दावा कुठून करणार? तिकडं कमिशनर, इकडं जंगलाचा साहेब. रीत एकच, वहिवाट मोजायची नाही, कागद मोजायचा.

तेव्हा कालच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आपण देशाच्या आडवे येत नाही. देश पुढं जाताना त्याचा खर्च कोणाच्या माथी मारला, एवढाच हिशेब आपण मागतो.

हिशेब मागायचा तर आपलाही कागद पाहिजे. प्रत्येक पाड्यानं बैठक घेऊन लिहून काढा: कोणतं घर कुठला तुकडा कसतं, कधीपासून. गुरं कुठं चरतात, सरपण, मोहाची फुलं, डिंक कुठून आणता. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं तारीख घालून लिहा, अंगठे घ्या. आणि फॉरेस्टवाल्यांनी दंड केला त्याच्या पावत्या रागानं फाडू नका. तुम्ही त्या जमिनीवर होता, हे त्यांनीच स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. त्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.

जिंदाबाद!