वाऱ्याच्या पंचांगावर चालणारा क्लब

'क्लब' म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय मनापुढे एक ठराविक चित्र उभे राहते. वेताच्या खुर्च्या, पत्त्यांची टेबले, पांढऱ्या गणवेशातला नोकर आणि दारावर न लिहिलेली, तरी सर्वांना नेमकी वाचता येणारी पाटी : 'हे तुमच्यासाठी नाही.' त्यातून तो शिडाच्या होड्यांचा क्लब, म्हणजे यॉट क्लब असला तर बोलायलाच नको. हे चित्र अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यात एक मोठी उणीव आहे. त्यात पाणी नाही, वारा नाही आणि होडी ओढणारे हातही नाहीत. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते चित्रातून राहून गेलेल्या या भागाविषयी.

आपल्या घराजवळचेच उदाहरण घेऊ, मुंबई बंदराचे. येथे शिडाच्या होड्या हौसेने चालवणाऱ्यांचा क्लब १८४६ पासून आहे. त्याचे नवे वर्ष चैत्रात सुरू होत नाही आणि जानेवारीतही नाही. ते सुरू होते पाऊस परतला म्हणजे. वेधशाळेने २०२० साली ज्या सुधारलेल्या सरासरी तारखा ठरवल्या, त्यांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला निरोप घेतो. या दोन तारखांच्या मधला काळ होड्यांचा किनाऱ्यावरचा, बाकीचा पाण्यातला. दसरा-दिवाळीच्या सुमारास होड्या पाण्यात उतरतात आणि मेच्या मध्यानंतर, वळवाचे ढग दिसू लागले की एकेक करून वर येतात.

मधल्या सात-आठ महिन्यांतही रोजचे पंचांग वेगळेच. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले आहेत. रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा ती लवकर तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे. परीक्षेत दोन गुण मिळतात. पण सकाळी आठ वाजता पूर्वेकडून येणारी मतलईची झुळूक शिडात भरून घेऊन निघावे, अकराच्या सुमारास ती दगा देऊन नाहीशी व्हावी, शीड ओल्या धोतरासारखे लोंबत राहावे, आणि मग दुपारी वायव्येकडून पाण्यावर काळसर रेघ सरकत येताना दिसावी, ती म्हणजे खारा वारा! ज्याने एकदा हे अनुभवले, त्याला पुन्हा व्याख्या पाठ करावी लागत नाही. थंडीत हा दुपारचा वारा सौम्य असतो, मार्च-एप्रिलमध्ये तो तरणाबांड होतो. म्हणूनच क्लबातली नवखी मंडळी हिवाळ्यात शिकतात आणि जुनीजाणती उन्हाळ्याची वाट पाहतात.

आणि वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगता येते. तिथीला पाऊणपट करायची, झाले. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. मुंबई बंदरात हा हिशेब आजही बऱ्यापैकी जुळतो, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाचे मंद पाणी. उधाणाच्या दिवशी वारा पडला की मोठी गंमत होते. सगळ्या होड्या शिडे उभारून जागच्या जागी असतात, आणि पाणी मात्र त्यांना मुकाट्याने मागे नेत असते. अशा वेळी जो शहाणा नांगर टाकून स्वस्थ उभा राहतो तो शर्यतीत पुढे जातो! न हलता पुढे जाण्याचा हा प्रकार मी दुसऱ्या कोठल्याही खेळात पाहिलेला नाही. (सरकारी कचेऱ्यांत पाहिला आहे, पण तो खेळ नव्हे.)

पावसाळ्यात होड्या वर घेण्याची ही रीत काही साहेबाने आणलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या 'छावणी'विषयी, म्हणजे पावसाळ्यात गुराबा-गलबते कोठे व कशी ठेवावीत याविषयी, सूचना आहेत. आपले कोळी बांधवही जूनमध्ये होड्या शाकारतात आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नव्या हंगामाची तयारी करतात. फरक एवढाच की हौशी माणसाला समुद्र पुरता शांत होईपर्यंत, ऑक्टोबरपर्यंत थांबता येते. पोटासाठी जाणाऱ्याला तेवढी सवलत नसते. उलट हैदराबादेत पाहा. हुसेनसागर तलावावरच्या शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यती ऐन जुलैत भरतात, कारण तिकडे दख्खनच्या पठारावर पाऊस बेताचा आणि मोसमी वारा मात्र भरपूर! इंग्लंडातल्या गावोगावच्या क्लबांत आणखी तिसरी तऱ्हा. तेथे होड्या वसंतात उतरतात, पानगळीत वर येतात आणि त्या वर आल्या की सगळे सभासद मिळून एक जेवण करतात. वारा बदलला की क्लबाचे सणवारही बदलतात.

आता या क्लबाच्या घरसंसाराकडे वळू. शर्यतीच्या दिवशी होडीत दोन माणसे दिसतात, पण ती दोन माणसे शर्यत लावू शकत नाहीत. पाण्यात खुणेचे बोये नेऊन नांगरावे लागतात. वाऱ्याची दिशा पाहून आरंभाची रेषा आखावी लागते. पाच मिनिटे आधी एक निशाण, चार मिनिटे आधी दुसरे, एक मिनिट उरता ते खाली, मग सुटका, असे घड्याळ लावून कोणी तरी उन्हात उभे राहावे लागते. एखादी होडी उलटली तर धावून जायला यंत्राची बोट तयार लागते. ही कामे पगारी माणसांवर सोपवून भागत नाही. जेथे क्लब खरा जिवंत असतो तेथे सभासदांच्या पाळ्या लागतात. आज तुम्ही शर्यतीत, तर पुढच्या रविवारी तुम्ही निशाणाच्या दोरीपाशी. ज्याला पाळी चुकवण्याची सवय असते त्याचे नाव सगळ्यांना माहीत असते, जसे ते आपल्या सार्वजनिक गणपतीच्या मंडळातही असते.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या खेळात भर पाण्यावर सहसा पंच नसतो. नियम असतात, आणि पक्के असतात. दोन होड्या एकमेकींच्या आडव्या आल्या तर जिच्या उजव्या कुशीवर वारा, तिचा हक्क पहिला. दुसरीने बाजूला व्हायचे. चूक झाली तर तुम्ही स्वतःच ती ओळखायची आणि होडीला दोन गिरक्या देऊन शिक्षा भोगून पुढे जायचे. नाहीच पटले तर संध्याकाळी किनाऱ्यावर तक्रार. निवाडा करायला बसतात तीही तुमच्यासारखीच होड्या चालवणारी माणसे. आणि नियमांच्या पुस्तकात अगदी आरंभीचा नियम कोणता म्हणाल? संकटात सापडलेल्याला मदत करणे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती पुसानच्या समुद्रात झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकावर होता. सोसाट्याचा वारा सुटला होता. दुसऱ्या एका शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटलेली त्याने पाहिली. माणसे जखमी होती आणि एक जण होडीपासून दूर वाहत चालला होता. लेम्यूने शर्यत सोडली, दोघांना वाचवले, सुरक्षा-बोट येईपर्यंत थांबला आणि मग आपली शर्यत पुरी केली. तो अर्थातच बराच मागे पडला होता. परीक्षकांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक परत दिला. यात कोणी उपकार केला नाही बरे का. मदतीपायी गमावलेले भरून देण्याची तरतूद नियमांतच आहे. ज्या समाजाला आपली माणसे पाण्यात पाठवायची असतात, त्याला असे नियम करावेच लागतात.

एवढे सगळे गोडवे गायल्यावर दाराकडे पाहिले पाहिजे. ते दार पुष्कळ काळ बंद होते. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या या क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. शीड फडकवणारा साहेब; पण होडीचे बूड खरवडणारा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणारा, आभाळाकडे पाहून 'आज नको' म्हणणारा तांडेल आपला. पाण्याची जाण एकाकडे आणि सभासदाची चिठ्ठी दुसऱ्याकडे. काळाने त्यावर उत्तरही मोठे मार्मिक दिले. अपोलो बंदरावरच्या त्या क्लबाच्या जुन्या इमारतीत १९४९ साली डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था नांदू लागली. जेथे हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनही जाणे अवघड, तेथे हिंदी तरुण अणूचा अभ्यास करू लागले! स्वातंत्र्यानंतर क्लबाचे दार रंगाच्या बाबतीत उघडले. पैशाच्या बाबतीत मात्र असल्या दारांना अजून बिजागऱ्यांची थोडी कुरकुर आहे, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

शिडाची होडी ही श्रीमंतीचीच वस्तू आहे का? मला तसे वाटत नाही. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी तेथल्या एका सेवाभावी मंडळाला मुलांसाठी स्वस्त होडी हवी होती. क्लार्क मिल्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या गृहस्थाने प्लायवुडच्या तक्त्यांतून, सुताराला साधेल अशी, बोथट नाकाची एक पेटीवजा होडी करून दिली. तिचे नाव ऑप्टिमिस्ट. आज जगभरातली पंधरा वर्षांखालची मुले तिच्यावरच पहिले धडे घेतात. पुढे १९६२ साली इंग्लंडात 'मिरर' नावाची होडी निघाली. तांब्याच्या तारेने तक्ते शिवायचे, सांधे चिकटवायचे आणि घरामागच्या पडवीत होडी उभी करायची. शिक्षक, कारकून, टपालवाले अशा माणसांनी त्या हजारोंनी बांधल्या. त्यांच्या लाल शिडांनी तेथल्या क्लबांचा तोंडवळा बदलून टाकला.

आपल्याकडेही असे घडू शकते याचा पुरावा फार लांब नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या शिडाच्या होड्यांत नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवले. ही मुलगी देवास जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबातली. देवास म्हणजे आपल्या पवारांचे जुने संस्थान, माळव्याच्या काळ्या मातीतले. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. ती शिकली भोपाळच्या तलावावर, सरकारी आधारावर चालणाऱ्या शाळेत. आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी शिडाच्या शर्यती कोठे झाल्या होत्या? मुंबईच्याच समुद्रात! फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्णपदक मिळवले ते येथेच. म्हणजे पाणी होते, वारा होता, जिंकून दाखवणारी माणसेही होती. तरीही सातशे किलोमीटरांहून लांब किनारा असलेल्या या राज्यात, माझ्या वर्गात बसणाऱ्या साठ मुलांना विचारले की शिडाच्या होडीत कोण बसले आहे, तर हात वर होत नाहीत. एखादा होतो तो कोळीवाड्यातल्या मुलाचा, आणि तोही आजोबांच्या आठवणीपुरता. कारण त्यांच्या होडीला आता यंत्र आहे, शीड नाही.

मला वाटते, अडचण होडीच्या किमतीत कमी आणि किनाऱ्यावरच्या जागेत अधिक आहे. असा क्लब चालायला लागते ते थोडके : पाण्यात उतरता येईल असा एक उतार, पावसाळ्यात होड्या पालथ्या घालायला एक शेड, सहा साध्या होड्या, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, एक यंत्राची बोट आणि वाऱ्याची भाषा जाणणारा एक माणूस. अलिबाग, मालवण, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर यातल्या निम्म्या गोष्टी आधीच आहेत. वाऱ्याची भाषा जाणणारा तर प्रत्येक कोळीवाड्यात सापडेल. त्याला मात्र या खेपेस बूड खरवडायला न बोलावता शिकवायला बोलावले पाहिजे, आणि त्याच्या नातवाला पहिल्या होडीत बसवले पाहिजे. पुण्या-नाशिकच्या मंडळींनीही हिरमुसायचे कारण नाही. धरणांच्या जलाशयांवर वारा असतोच. खडकवासल्याच्या पाण्यावर प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात.

तोवर निदान एक करा. हिवाळ्यातल्या किंवा उन्हाळ्यातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गेटवेकडे जा आणि ताजमहाल हॉटेलकडे पाठ करून उभे राहा. होड्या पाण्यावर असल्या तर आधी सर्वांत पुढची शोधू नका. निशाणे लावलेली जी एक बोट जागच्या जागी उभी असते ती शोधा. तिच्यात टोपी घातलेला, हातात घड्याळ धरलेला जो कोणी असेल, त्याची त्या दिवशी पाळी आहे.