शहरातले जाणे-येणे

खेड्यातून शहरात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो बिऱ्हाडाचा आणि दुसरा जाण्यायेण्याचा. आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे उतारू आणि एकवीस मैलांची वाट. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत घर, असा लाखोंचा संसार आज या रुळांवर चालला आहे.

माझ्या वर्गातली काही मुले पहिल्या तासाला नेहमी उशिरा येत. मी रागवत असे. एकदा त्यांच्याच वेळेच्या लोकलने गेलो, दारापाशी कसाबसा उभा राहिलो आणि रागवणे सोडून दिले. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत, दिवा-मुंब्रा दरम्यान, दारात लटकलेले उतारू गाड्यांतून खाली पडले; त्यांतले किमान चौघे दगावले. प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही, जिवाचा आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांची केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली. प्रश्न उरला आहे. मग उपाय काय? कोणी म्हणेल, रस्ते रुंद करा. पण हिशेब करून पाहा. दोन-तीन मोटारींच्या जागेत एक बस मावते. मोटारींत मिळून चार-पाच माणसे, बसमध्ये पन्नास. बारा डब्यांची लोकल तर एका खेपेस तीन हजारांहून अधिक माणसे नेते. रस्ता रुंद केला, की काही दिवसांत मोटारी वाढतात आणि पुन्हा तोच खोळंबा.

म्हणून रूळ वाढवावे लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवा व सहावा मार्ग सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. पण तेवढ्याने भागत नाही. पाट कितीही मोठा असला, तरी पाणी शेवटच्या वाफ्याला पोचले नाही, तर पीक वाळतेच ना? तसाच स्टेशनापासून घरापर्यंतचा मैलभर रस्ता महत्त्वाचा. तिथे चालायला मोकळी पायवाट हवी, वेळेवर बस हवी. ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेस बसगाड्यांसाठी उंचावर पूल बांधला आहे. बसमधून उतरलेला माणूस खालच्या गर्दीत न शिरता फलाटाकडे जातो. सोय अशी, पायी चालणाऱ्याकडे पाहून करावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना घेऊन अर्धा तास एस.टी. थांब्यापाशी बसा. वाहने मोजा, मग त्यांतली माणसे मोजा. रस्ता वाहनांसाठी की माणसांसाठी, याचे उत्तर मुलेच देतील. उद्या त्यांच्यापैकीच कोणीतरी डोंबिवलीच्या फलाटावर उभे असणार आहे.