बंदा रुपया मोडायच्या आधी

आम्ही नाचणगावच्या गटातल्या बाया बोलतो आहोत.

लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचे राणीछाप, राजाछाप रुपये अजून बऱ्याच घरांत आहेत. आईने लग्नात दिले असतील तर ते स्त्रीधन. मोडायचे की नाही हे त्या बाईनेच ठरवायचं. पण पेरणी तोंडावर येते, नाहीतर दवाखाना निघतो, आणि ते घेऊन पुलगाव गाठावं लागतं. अडलेल्या बाईला दुकानात भाव करायचा धीर राहत नाही. म्हणून हिशेब घरूनच करून जावा.

आधी साल बघा. ते मागच्या बाजूला इंग्रजी आकड्यांत असतं. लेकराकडून वाचून घ्या. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारला चांदी पुरेना, म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घातली. त्या रुपयाला सोनाराने कमी भाव सांगितला, तर तो फसवतो असं समजू नका. १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतं, चांदीच्या रुपयाला चिकटत नाही.

आता खरी मेख. हा रुपया वजनाला जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज दुकानात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. "एक रुपया म्हणजे एक तोळा" असं कोणी म्हटलं, की समजा दीड ग्रॅमच्या वर चांदी गेली. दहा रुपयांमागे साडेसोळा ग्रॅम वजन गेलं! म्हणून नग मोजून देऊ नका, काट्यावर ग्रॅममध्ये वजन करून मागा. वापरून झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, ते खरं आहे.

हिशेबाला सोपं म्हणून धरू, दहा ग्रॅम चांदी १,००० रुपये. आजचा भाव वेगळा असेल, तो त्या दिवशी विचारा. १९३९ पर्यंतच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, म्हणजे १,०६९ रुपये. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, म्हणजे ५८३ रुपये. त्यातून आटणावळ, घट म्हणून काही कापतील. किती कापणार ते आधी विचारा आणि पावती घ्या. दोन दुकानं फिरायला लाजू नका. जुनी अधेली वजनाने निम्मी, पावली चौथाई. त्यांचा हिशेबही तसाच.

राखेने, चिंचेने घासून चकचकीत करू नका. एखादं साल दुर्मीळ असलं तर नाण्यांचे शौकीन चांदीपेक्षा जास्त देतात, पण घासलेल्या नाण्याला नाही. अशी सालं थोडीच, बाकी रुपये चांदीच्याच भावाचे.

आणि मोबाईलवर येतं, "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे की असा व्यवहार ती करत नाही, आणि तिच्या नावाने कोणी फी मागितली तर देऊ नये.