डबक्यातली शिंगाडी

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की तारकर्ली आठवते. द्रोणागिरी-उरणकडचं पाणी मात्र गाळानं गढूळ. बुडी मारली तर स्वतःचा पंजा दिसायचा नाही! पण समुद्री गोगलगाय बघायला बुडी मारावीच लागते असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीत मुंबईच्या खडपांतल्या डबक्यांतही ती सापडते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७पासून अशा जिवांच्या नोंदी करतोय.

समुद्री गोगलगायींच्या बहुतेक जातींना बाहेरून शंख दिसत नाही. काहींचे कल्ले पाठीवर फुलासारखे उघडे असतात. काही जाती तर हायड्रॉइड नावाचे डंख मारणारे बारीक समुद्री प्राणी खातात आणि त्यांच्याच डंखाच्या कुप्या आपल्या पाठीवरच्या बोंडांत साठवतात. हत्यार चोरीचं, तेही खाऊन मिळवलेलं! म्हणून आधी शोधायचं ते तिचं खाणं. नजर मात्र बारीक हवी: बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडलेली, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं नाव मिळालेली जात फार तर ७ मिलिमीटरची.

फोटो काढायचा तर मोबाइलला मॅक्रो भिंग लावा, उजेड बाजूनं टाका, फोकस डोक्यावरच्या शिंगांवर ठेवा. तिला हात लावू नका. आणि दगड उलटलात तर तो परत होता तसाच ठेवा. त्याच्या पोटाशी कुणाची तरी अंडी असू शकतात.