जॉइस वेदर्ड

१९२० सालीं इंग्लंडांत शेरिंगहॅम येथें स्त्रियांच्या गोल्फ-अजिंक्यपदाचा अंतिम सामना चालला होता. जॉइस वेदर्ड ही अठरा वर्षांची मुलगी चेंडू खळग्यांत ढकलीत असतां शेजारून आगगाडी धडधडत गेली. गाडीनें चित्त विचलित झालें नाहीं काय, असें मागाहून पुसतां तिनें उलट विचारलें म्हणे, "कोणती गाडी?" आम्ही मास्तर जन्मभर हीच एकाग्रता शोधीत असतों! नामांकित सेसिल लीच हिला तिनें त्या दिवशीं हरविलें. पुढें ब्रिटिश अजिंक्यपद बाईंनीं चार वेळां मिळविलें. १९३३ सालीं मात्र चरितार्थासाठीं लंडनच्या एका दुकानांत गोल्फचें साहित्य विकण्याची नोकरी पत्करतांच त्यांचा हौशी खेळाडूचा हक्क गेला. खेळून नव्हे, विकून पैसा मिळविला म्हणून! हा न्याय मला उमगत नाहीं. अखेर १९३५ सालीं त्या अमेरिकेंत उघडपणें पैसे घेऊन खेळल्या.