पाहण्याजोगी गावे



विलायतेतील रम्य गावांवर आम्ही बोलावे, अशी चालकांची सूचना होती. विषय नामी आहे. पण आमची गाडी लवकरच जुन्नर-आंबेगावच्या रस्त्याला लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

ग्लॉस्टरशायर परगण्यात बायबरी नावाचे खेडे आहे. ओढ्याएवढी नदी, आणि तिच्या काठी दगडी छपरांच्या बुटक्या घरांची एक ओळ. जगातून माणसे येतात ती ही ओळ पाहायला. ही इमारत १३८० च्या सुमारास लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची घरे झाली. त्यांनी विणलेले कापड धुऊन, कुटून घट्ट करण्यासाठी शेजारच्या गिरणीत जाई, आणि मग समोरच्या पाणथळ कुरणात ताणून वाळत घातले जाई. म्हणजे आमच्या भाषेत बोलायचे तर ती विणकरांची चाळ होय! तिथे ती एका न्यासाने जिवापाड जपली आहे. लालबाग-परळच्या चाळींच्या नशिबी काय आले, ते आपण जाणताच.

तेव्हा गाव पाहायचे म्हणजे तिथे राबलेला हात पाहायचा, असा आमचा हट्ट आहे. तो हट्ट धरून जुन्नरला जावे. शासनाने २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. यात्रेकरू लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, गिरिजात्मजाचे दर्शन घेतो आणि शिवनेरीवर माथा टेकून परततो. ते योग्यच आहे. परंतु जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या पैशांचा हिशेब आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी बुरुडांची पत एवढी होती, की लोक धर्मादायाची ठेव त्यांच्या हवाली करीत आणि ते दगडावर कोरून ठेवीत. श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे. ती कारागिरांची आणि धंदेवाल्यांची संघटना होती, मजुरांची नव्हे. तरीही त्या लेण्यांत उभे राहिल्यावर, आज आमच्या युनियनच्या हवाली कोणी शंभर रुपये तरी ठेवील काय, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहिला नाही.

या पेठेत माल येई तो नाणेघाटाने. नागनिकेचा लेख तिथल्या गुहेत आहे, आणि जकातीची म्हणून सांगतात ती दगडी रांजणही. नारायणगावी जत्रांच्या दिवसांत तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येऊन सुपारी देऊन जातात. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे कान लावून उभ्या आहेत. हे सगळे आपल्या राजुरीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहे.

आता आंबेगाव तालुक्यात येऊ. महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूचे गाव. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. पुरते एक वर्षही लोटले नव्हते तेव्हा, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन या गिरण्यांच्या गावी गेले. आपल्या बहिष्काराने ज्यांच्या रोजगारावर घाला पडला होता, त्याच कामगारांनी त्यांचे आनंदाने स्वागत केले. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी आपण छायाचित्रात पाहिले असतील. विलायतेतील एकच गाव पाहायला मिळणार असेल, तर आम्ही बायबरी सोडून डार्वेनचे तिकीट काढू.

बाबू गेनूचे नाव डिंभे धरणाच्या जलाशयाला दिले आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक. घोड नदीचे हे पाणी कालव्यांनी दूरवरच्या उसाला जाते. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते आंबेगाव मात्र या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला, नाव तालुक्याला, आणि गाव तळाशी! महादेव कोळी समाजाच्या कित्येक कुटुंबांची भातखाचरे अशीच गेली. पुढे याच बुडालेल्या गावांतील माणसांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली आणि आपल्याच शेतांवर साचलेल्या पाण्यात जाळी टाकली.

घोडेगावाहून भीमाशंकरला जाताना हे पाणी वाटेवर लागते. गाड्या थांबतात, छायाचित्रे निघतात. आपण उतरलात, तर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला जुने आंबेगाव नेमके कोणत्या बाजूला होते ते विचारा. आणि तिथे मासळी विकत घेतलीत, तर घासाघीस करू नका.